मागचा दिवा स्वतः बदललाय का कधी? अनुभव लिहा

सांजवारा
काल रात्री सिग्नलला थांबले होते. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी काचेवर टकटक केलं. "तुमचा डावा ब्रेक लाइट लागत नाहीये हो." तेवढ्यात सिग्नल सुटला आणि त्या गेल्याही. धड आभार मानायचे राहून गेले.

घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच चित्र. बाबा डिकीत वाकलेले आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर. पाय पेडलला पुरायचे नाहीत, म्हणून सीटच्या अगदी टोकाला सरकून, स्टिअरिंगला धरून दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचे. मागून आवाज यायचा, "दाब... सोड... दाब." माझं काम तेवढंच, पण गाडी मीच दुरुस्त करतेय असं वाटायचं.

आज सकाळी ठरवलं, आपणच करायचं. डिकीतलं अस्तर बाजूला केलं, मागचे दोन प्लास्टिकचे नट हातानेच सुटले. मग दिवा सरळ मागे ओढला. सरळच ओढायचा, तिरका ओढला तर बाजूच्या पिना तुटतात. होल्डर पाव वळसा फिरवून काढला, बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की सुटला. काच आतून काळपट, आरशासारखी झालेली, एक तार तुटून लोंबत होती. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास अस्तराच्या क्लिपांमध्ये गेला.

ब्रेक दाबायला कोणी नव्हतं. गाडी भिंतीला पाठ करून लावली, दाबलं आणि आरशात बघितलं. भिंतीवर दोन्हीकडे लाल. फार फार छान वाटलं. तुमचेही अनुभव लिहा ना.

पाऊलखुणा
आमचे काका काढलेला बल्ब कानाशी नेऊन हलवायचे. बारीक किणकिण आली की "गेला". मी अजून तसंच करते.

गारवेल
तार तुटलेली म्हणताय ती जाडी की बारीक? त्या बल्बात दोन असतात. २१ वॅटची ब्रेकची, ५ वॅटची रात्रीच्या दिव्याची. ब्रेकची गेली तरी रात्री दिवा लागलेलाच दिसतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. माझा असाच किती दिवस बंद होता देव जाणे.

सांजवारा
@गारवेल जाडी. बरोबर, रात्रीचा लागत होता!

मुक्काम पोस्ट
२१/५ च्या जागी साधा २१ चा बल्ब घालू नका. मी घातलाय. बसत नव्हता, जरा जोर केला, बसला. मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे लागायला लागले! रात्री पार्किंग लाइट लावले तर मागून ब्रेक दाबल्यासारखा भडक उजेड. दोन दिवस वायरिंग शोधत होतो. साध्या बल्बला खाली एकच टिकली असते, ती होल्डरमधल्या दोन्ही टोकांना एकदम टेकते आणि दोन सर्किट जोडली जातात. दोन तारांच्या बल्बच्या बाजूच्या पिना खालीवर असतात, एक उंच, एक खाली. साध्याच्या समोरासमोर, एकाच उंचीवर. जोर लावावा लागला तर थांबा, बल्ब चुकलाय.

ओलीचिंब
अरे हे पिनांचं माहीतच नव्हतं. म्हणजे उलटा बसू नये म्हणून मुद्दाम तसं केलंय का?

मुक्काम पोस्ट
हो. आणि पिवळ्या इंडिकेटरच्या बल्बच्या पिना तर समोरासमोरही नसतात, एक जरा सरकलेली असते. पांढरा तिथे जाऊच नये म्हणून.

रातकिडा
लहान मुलीला मांडीवर घेऊन टाइपतोय, चुका पोटात घाला. माझी काच तुटून हातात आली आणि पितळी बुड होल्डरमध्येच राहिलं. गंजलेलं होतं. सगळे दिवे बंद, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि लांब तोंडाच्या पकडीने बुडाची कड धरून दाबत फिरवलं. निघालं. आधी नुसत्या बोटाने करायला गेलो होतो, अंगठ्यात काच गेली. हातमोजे घाला, खरंच सांगतो. उठली ती, नंतर येतो

पाऊलखुणा
@रातकिडा अंगठा बरा आहे ना आता?

रातकिडा
हो ताई, जुनी गोष्ट आहे. खूण आहे अजून.

तळटीप
हातमोज्यांवरून आठवलं, काचेला बोट लावू नये म्हणतात ते खरंय का?

गारवेल
ते पुढच्या हॅलोजनसाठी. त्याची काच प्रचंड तापते, बोटाचं तेल लागलं की तेवढाच भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. मागच्या साध्या बल्बला तितकं नाही, तरी फडक्याने पुसून बसवावा. पण नुकता लागलेला बल्ब धरू नका, चटका बसतो.

वाटसरू
माझी गोष्ट बल्बची नाहीच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा, इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकायचा. बल्ब बदलला, दुसरा आणला, तोही बदलला. तेच. शेवटी मोठ्या भावाने फोनवरच सांगितलं, "अर्थ बघ." म्हणजे अर्थिंग, करंट परत जायची वायर. होल्डरच्या पट्टीवर हिरवा थर चढलेला होता. आतले सगळे बल्ब त्या एकाच अर्थवर असतात, तिथे अडथळा आला की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. बारीक काचकागदाने पट्टी आणि वायरचं टोक घासलं, खडखडीत कोरडं केलं. पाच मिनिटांचं काम. आणि मी दोन रविवार घालवले होते. भावाशी तेव्हा काही महिने बोलणं नव्हतं, त्या फोनपासून पुन्हा सुरू झालं. विषयाला सोडून आहे, पण मला तो दिवा म्हटलं की हेच आठवतं.

सांजवारा
@वाटसरू विषयाला सोडून अजिबात नाही. बरं वाटलं वाचून.

ओलीचिंब
❤️

चौकट
डावा, उजवा आणि मधला, तिन्ही ब्रेक लाइट एकदम बंद असतील तर बल्ब आणायला पळू नका. तिन्ही एकाच वेळी सहसा जात नाहीत. आधी फ्यूज, मग पेडलवरचा स्विच. माझा स्विच गेला होता. मागचा माणूस अगदी टेकायला आला आणि जोरात हॉर्न दिला, तेव्हा कळलं. अजून अंगावर काटा येतो.

मोरपीस
एलईडी लावले कुणी? मी इंडिकेटरला लावला आणि तो भरभर मारायला लागला. जणू फार घाईत आहे

गारवेल
करंट कमी ओढतो ना, म्हणून गाडीला वाटतं बल्ब उडालाय. खरा बल्ब उडाला तरी तसाच भरभर मारतो. ती खूण फक्त इंडिकेटरला असते; जुन्या गाड्यांत ब्रेक लाइट गेला तर काही म्हणजे काही कळत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडीही नको, उजेड गुलाबी दिसतो.

तळटीप
@सांजवारा बाबांना सांगितलंत का?

सांजवारा
फोटो पाठवला. उत्तर आलं, "रबर नीट बसलंय का?" बस, एवढंच 😊 परत उघडून बघितलं तर दिव्यामागचं, पाणी अडवणारं ते रबर एका कोपऱ्यात दुमडलं होतं. नीट बसवलं.

पाऊलखुणा
बाबा ते बाबाच!!

रातकिडा
रबराचं फार महत्त्वाचं. आमच्या दिव्यात एका पावसाळ्यात इतकं पाणी साठलं की मोठा मुलगा विचारायचा, यात मासे कधी सोडायचे. ते पाणी उतरत उतरत डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही गेलं होतं.

मोरपीस
मासे 😂😂 गोड आहे

ओलीचिंब
स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर, हवा कोण कोण तपासतं?

चौकट
त्यासाठी वेगळा धागा काढा, लिहायला पुष्कळ आहे

मितभाषी
आजवर नुसती वाचत होते. आत्ता खाली जाऊन भिंतीसमोर गाडी लावून बघितलं. उजवीकडे अंधार. दोन महिने मी मुलांना घेऊन रोज हीच गाडी चालवतेय.

मुक्काम पोस्ट
बरं झालं बघितलंत. २१/५, १२ व्होल्ट. दोन्ही बाजूंचे बदला, दोघांचं वय सारखंच असतं. आणि जुना हातात घेऊन जा, पिना जुळवून बघा.

मितभाषी
अस्तराच्या क्लिपा कशा काढायच्या?

सांजवारा
मधली टिकली आधी उचकटा, मग बाहेरची आपोआप येते. थांबा, फोटो काढून टाकते.