१९९७ची झेन (कार्ब्युरेटर): व्हॅक्यूम १४ इंचावर, गळती शोधायची कशी?

सायनकर:
गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती झेन, मुंबईतच घेतलेली. गरम झाली की आयडलिंगला थरथरते, एसी लावून सिग्नलला थांबली की बंद पडते. ब्रेक पेडल पूर्वीपेक्षा कडक लागतंय. मेकॅनिकने आयडल स्क्रू चढवला. बंद पडायची थांबली, थरथर तशीच. आता कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करा म्हणतो. व्हॅक्यूम गेजचा (इंजिन किती जोराने हवा ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा) काटा १४ इंचावर स्थिर. प्लग, एअर फिल्टर नवीन आहेत. खोलण्याआधी काय तपासू?

पाना_दहाबारा:
कार्ब्युरेटरला हात लावू देऊ नका. कडक पेडल आणि कमी व्हॅक्यूम एकत्र आलेत, म्हणजे पहिला संशय ब्रेक बूस्टरच्या (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा डबा) लाइनवर. पेडल कडक आहे तोवर गाडी चालवूही नका.

रीडिंग घेताना इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, चोक सुटलेला हवा. गेज थेट मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) नळीवर लावा. थ्रॉटलच्या वरच्या पोर्टवर आयडलला जवळजवळ शून्यच येतं. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे धडधाकट इंजिनने १७ ते २१ इंच दाखवायलाच हवेत. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे हीच गाडी लोणावळ्याला दोन इंच कमी दाखवेल. इथे ती सबब नाही.

काटा स्थिर पण खाली, याचे नेहमीचे अर्थ दोन: हवा ओढली जातेय किंवा इग्निशन टायमिंग मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. टायमिंग लाइट लावून बॉनेटखालच्या स्टिकरशी जुळवा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरकडून काढा, तोंडाने हवा ओढा आणि टोक जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली तर डायफ्राम शाबूत. लगेच सुटली तर नळी किंवा डायफ्राम फाटलाय.

गॅसकेट:
वरच्याला जोड. इंजिन चालू ठेवून प्लायरला फडकं गुंडाळा आणि एकेक नळी चिमटा, नजर काट्यावर. जी दाबल्यावर काटा उडी मारेल ती लाइन दोषी. नळी कडक झाली असेल तर चिमटू नका, तडकेल. काढून त्या जागी बोल्ट कोंबा. पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) नळी दाबल्यावर आरपीएम थोडे पडतात, ते नॉर्मल आहे, त्याला गळती समजू नका. तो व्हॉल्व्ह काढून हलवा, खडखडला पाहिजे.

नळ्या पास झाल्या तर कार्ब क्लीनर. कार्ब्युरेटरचा बुडखा, त्याखालचा काळा इन्सुलेटर, मॅनिफोल्ड गॅसकेट आणि थ्रॉटल शाफ्टची दोन्ही टोकं, एका वेळी एकच जागा, छोटा फवारा. आरपीएम बदलले की जागा सापडली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि प्लग वायरपासून लांब. जुन्या वायरमधून ठिणगी गळत असेल तर भडका उडेल. शाफ्टच्या टोकाला आरपीएम बदलले तर बॉडी झिजलीय, ओव्हरहॉल किटने ती सुधारत नाही. इन्सुलेटरचे नट मात्र आवळून आवळून गळती थांबवायला जाऊ नका, फ्लँज वाकतो.

घाटमाथा:
एक आडवी शक्यता. १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) सक्तीचा झाला, म्हणजे या गाडीला तो असणार. तो आतून तुंबला असेल तर २५०० आरपीएम धरून ठेवल्यावर काटा आधी वर जाऊन मग हळूहळू उतरत राहतो. गळतीत तसा उतरत नाही. काटा ठरावीक ठेक्यात पडत असेल तर इंजिनचे व्हॉल्व्ह. तुमचा स्थिर आहे, म्हणून व्हॉल्व्हचा संशय सोडून द्या.

सायनकर:
टायमिंग बरोबर. २५०० वर काटा उतरत नाही. बूस्टरची नळी चिमटल्याबरोबर १४ वरून १८.

पाना_दहाबारा:
सापडलं. आता नळी बूस्टरच्या टोकाकडून काढा, टोक बंद करा. १८ टिकले तर नळी आणि वन-वे व्हॉल्व्ह ठीक, गळती बूस्टरमध्ये. १४ वरच राहिले तर नळी चिरलीय.

बूस्टर ठरला तर मास्टर सिलिंडरचे (बूस्टरच्या पुढचा, ब्रेक ऑइल दाबणारा भाग) दोन नट काढून तो ब्रेक पाइप न वाकवता किंचित पुढे ओढा. जोडावर ओल दिसली तर मागचं सील गेलंय, ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरलंय. मग दोन्ही बदला, नुसता नवा बूस्टर पुन्हा जाईल. नळी ठरली तर जाड भिंतीची, बूस्टरसाठीचीच मागा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पेट्रोलची नळी कापून ‘चालेल’ म्हणून देतील. घेऊ नका, व्हॅक्यूमने ती आत चपटी होते. वन-वे व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनकडे.

बसवल्यावर तपासणी: इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

गळती बंद झाली की आरपीएम एकदम चढतील, कारण मेकॅनिकने स्क्रू वर नेऊन ठेवलाय. आधी तो स्टिकरच्या आकड्यावर उतरवा, मिक्स्चर नंतर, शक्यतो पीयूसीच्या मशीनवर. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त दिसलं तर हवा अजून कुठूनतरी शिरतेय.