९० दिवसांची उधारी फुकट नसते

पुरवठादाराकडून ९० दिवसांची उधारी मिळवणं हेच परचेसवाल्याचं (कंपनीसाठी खरेदी करणाऱ्याचं) खरं कसब, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला अर्धंच पटलं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका छोट्या जॉबवर्कवाल्याने (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्याने) एकदा कोटेशनच्या मागे पेनाने हिशोब मांडून दाखवला होता. कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंदा चालवायला बँकेकडून उचललेल्या पैशांचं, व्याज १२ टक्के धरलं, तर ९० दिवसांचे शंभरामागे ३ रुपये. ते त्याने दरात आधीच घातलेले! आम्ही मात्र दीड रुपया घासाघीस करून कमी केला म्हणून खूश.

शिवाय कायदा आहेच. माल बनवणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नसला तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३च्या दुरुस्तीनंतर तर मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे सीएपण ओरडतो.

दिवस मोजायचे ते माल ताब्यात आल्यापासून, बिल अकाउंट्सला पोचल्यापासून नव्हे. स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची पावती) आठवडाभर दाबून ठेवला तरी घड्याळ चालूच. म्हणून व्हेंडर कोड उघडतानाच, म्हणजे पुरवठादाराची आपल्याकडे नोंद करतानाच, उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योग असल्याचा सरकारी नोंदणीचा दाखला) मागून घ्या, म्हणजे हा कायदा कुणाला लागू ते आधीच कळेल.