नैसर्गिक प्रकाशातील पोर्ट्रेट : एकेकटे छायाचित्र बरे वाटते, ओळीने मांडल्यावर चेहरे निर्जीव का दिसतात?

कवडसा :
नमस्कार. मी केवळ नैसर्गिक प्रकाशात पोर्ट्रेट काढतो. पोर्टफोलिओतील १२ छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बहुतेक सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरातली असून सूर्य व्यक्तीच्या पाठीमागे आहे, क्र. ४ आणि ७ खिडकीजवळची, तर क्र. ९ भर दुपारी झाडाखाली काढलेले आहे. लेन्स ८५ मिमी आणि अ‍ॅपर्चर जवळजवळ सर्वत्र एफ/१.८, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे, आहे. सगळी छायाचित्रे एकत्र मांडली की काहीतरी खटकते, पण नेमके काय ते मला पकडता येत नाही. 'सुंदर' असे अभिप्राय पुष्कळ मिळाले, त्यांतून पुढे काय करावे हे कळत नाही. कृपया कारणांसह परखड मत द्यावे आणि कोणती छायाचित्रे वगळावीत हेही सांगावे.

मध्यछटा :
सर्व छायाचित्रांत फक्त डोळे पाहत गेल्यास उत्तर सापडते. क्र. २, ५ आणि ११ मध्ये केसांची कड सोनेरी उजळली आहे, पण डोळ्यांत चमकेचा ठिपकाही नाही, त्यामुळे नजर विझल्यासारखी वाटते. क्र. ६ ची पार्श्वभूमी सर्वांत साधी आहे, तरीही तोच चेहरा सर्वांत जिवंत आहे, कारण बुबुळांच्या वरच्या भागात एक रुंद, फिकट पट्टा स्पष्ट दिसतो. सूर्य व्यक्तीच्या मागे असतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो तो समोरून, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतो. तिथे मोकळे आकाश किंवा उजळ भिंत असेल तर चेहरा उजळतो. दाट झाडी असेल तर प्रकाश जवळजवळ उरतच नाही, आणि नंतर संगणकावर एक्स्पोजर (उजळपणा) वाढवून चेहरा उजळ झाला तरी त्याला आकार येत नाही. तुम्ही जागा निवडताना व्यक्तीच्या मागे काय आहे याचा बारकाईने विचार केलेला दिसतो. तेवढाच विचार स्वतःच्या मागे काय आहे याचाही करा.

खिडकीची दोन्ही छायाचित्रे मला मनापासून आवडली. क्र. ७ मध्ये दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला आहे आणि त्यानेच चेहऱ्याला घडण आली आहे. मात्र तिथे सावलीची बाजू पार काळी झाली आहे. खिडकीच्या अगदी जवळ प्रकाश मऊ असतो, पण आत येताना झपाट्याने उतरतो. व्यक्तीला थोडे आत घेतले तर हा उतार सौम्य होतो, पण खिडकी चेहऱ्याच्या मानाने लहान ठरल्यामुळे सावल्यांच्या कडा अधिक ठळक होतात. यातला समतोल जागेवरच, एकेक पाऊल सरकून पाहावा लागतो.

पानसावली :
क्र. ९ वगळावे. हनुवटीखाली आणि मानेवर हिरवट छटा आहे, ती गवतावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची आहे. व्हाइट बॅलन्स (संपूर्ण छायाचित्राच्या रंगछटेचा समतोल) बदलून ती जात नाही, कारण कपाळावर आकाशाची निळसर छटा आहे. एक सुधारायला जावे तर दुसरी बिघडते. शिवाय पानांतून आलेला उन्हाचा तुकडा नेमका नाकावर पडला आहे. अशा वेळी झाडाच्या सावलीच्या कडेला, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून व्यक्तीला उभे करावे.

अ‍ॅपर्चरविषयीही सांगतो. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर असेल तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ते अंतर, जेमतेम ३ सेंटीमीटर मिळते. क्र. ३ मध्ये चेहरा तिरपा आहे, म्हणून जवळच्या डोळ्याऐवजी भुवई स्पष्ट आली आहे. छिद्र लहान करून एफ/४ ठेवल्यास ही खोली सुमारे ७ सेंटीमीटर होते आणि पार्श्वभूमी दूर असल्यास ती तरीही पुरेशी धूसर राहते.

तिसरी खिडकी :
वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, पण क्र. ३ मी ठेवेन. त्यातले हसू इतके सहज आहे की फोकसची चूक खपून जाते. क्र. २, ५, ९ आणि ११ काढावीत. निवड करताना सर्व छायाचित्रे कृष्णधवल करून अंगठ्याएवढ्या आकारात पाहावीत. सोनेरी रंग निघून गेला की चेहऱ्यावर प्रकाश कोणत्या दिशेने आला आहे, किंवा आलाच नाही, हे लगेच उघड होते. छायाचित्र काढणाऱ्याला त्या संध्याकाळची आठवण असते, पाहणाऱ्याला नसते. म्हणून निवडीत एखाद्या त्रयस्थाचे मत जरूर घ्यावे.

कवडसा :
मनापासून आभार. क्र. ६ च्या वेळी माझ्या मागे खरोखरच पांढरी भिंत होती. जिथे चहूकडे झाडीच आहे तिथे काय करावे?

मध्यछटा :
पांढरा रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा फलक) किंवा पांढरी चादर पुरेल. ती जमिनीवर अंथरू नका, खालून आलेल्या प्रकाशाने चेहरा विचित्र दिसतो. सोबत्याला ती तुमच्या शेजारी, व्यक्तीच्या डोळ्यांच्या किंचित वर धरायला सांगा आणि व्यक्तीच्या मागचे ऊन त्या चादरीवर किंवा रिफ्लेक्टरवर थेट पडते आहे ना, हे पाहा. जवळून छायाचित्र काढताना स्वतःचा सदराही फिकट आणि बिनरंगी असू द्या, त्याचा रंगही गालावर उतरतो.