'सर्वुस सर्वोरुम देई' : दासानुदास की सेवकांचा सेवक?

पहिल्या ग्रेगरी पोपवर चार पानं लिहायला बसलोय आणि एका उपाधीवर अडलोय. हा माणूस आधी रोमचा नगराधिकारी. मग सीलियन टेकडीवरच्या वडिलोपार्जित घराचा मठ करून तिथेच संन्यासी झाला. ५९० साली प्लेगमध्ये आधीचे पोप गेले आणि ती गादी याच्या गळ्यात पडली. पत्रांत तो स्वतःला 'सर्वुस सर्वोरुम देई' म्हणवतो. 'देवाच्या सेवकांचा सेवक' लिहिलं तर अर्जाखालचं 'आपला आज्ञाधारक सेवक' आठवतं. लॅटिन 'सर्वुस' म्हणजे तर चक्क गुलाम, बाजारात विकला जाणारा. पण 'गुलामांचा गुलाम' पत्त्यांच्या डावातला वाटतो! काय लिहू?

> 'दासानुदास' आयताच आहे की. आपल्या भक्तिपरंपरेत मुरलेला शब्द, वेगळा समजावूनही सांगावा लागत नाही.

मुरलेला आहे, तीच अडचण. 'दासानुदास' म्हणणारा रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहतो आणि तिथेच त्याचं समाधान असतं. ग्रेगरीच्या शब्दाला टोकही आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलचे धर्मप्रमुख जॉन 'वैश्विक' ही उपाधी लावत, ती ग्रेगरीला खुपायची. तिला उत्तर म्हणून त्याने ही नम्र उपाधी पुढे केली, असं परंपरा सांगते. शिवाय नुसती नम्रता नाही, राबणंही आहे. सिसिलीतल्या चर्चच्या जमिनींचं धान्य आणून रोमच्या उपाशी लोकांना घालायचं, इटलीत घुसलेल्या लोंबार्ड टोळ्यांशी तह करायचा, संधिवाताने अंथरुणाला खिळूनही पत्रं लिहायची. त्याची साडेआठशेच्या आसपास पत्रं आजही उपलब्ध आहेत. मी 'देवाच्या दासांचा दास' लिहीन. 'दास'मध्ये गुलामीही येते आणि भक्तीही.

> गंमत म्हणजे 'पोप' या शब्दाचा मूळ अर्थ 'बाबा'. आपला 'पाद्री'ही पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बापच. लोक बाबा म्हणतात, हा स्वतःला दास.

पटलं, 'दासांचा दास' ठेवतो.

> जाता जाता: 'ग्रेगरी' हे ग्रीक नाव, अर्थ 'जागा राहणारा'. म्हणजे आपला गावचा जागल्या! आणि लेखात ग्रेगरियन कॅलेंडर या ग्रेगरीच्या नावावर घालू नका. ते १५८२चं, तेराव्या ग्रेगरीचं. याच्या नावाने ओळखलं जातं ते चर्चमधलं ग्रेगरियन गायन.

बरं झालं सांगितलंत. कॅलेंडरचा परिच्छेद लिहून झाला होता.