मदत हवी आहे: पासच्या डाउनला लाइनबॅकर काढून पाचवा डीबी आणणं कितपत बरोबर?

जर्सीची आई

अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या किंवा बारकाईने पाहणाऱ्या मंडळींची मदत हवी आहे.

आम्ही साउथ जर्सीत राहतो. मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये लाइनबॅकर आहे, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या रांगेच्या मागे उभा राहणारा दणकट खेळाडू. दहा यार्ड पुढे जायला ऑफेन्सला, म्हणजे बॉल असलेल्या बाजूला, चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या डाउनला तो मैदानात असतो. तिसरा डाउन आला, सात-आठ यार्ड बाकी असले आणि आता पास येणार असं वाटलं की कोच त्याला बाहेर बोलावतात. त्याच्या जागी अंगाने लहान पण चपळ असा एक मुलगा पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (डीबी, मागे राहून पास अडवणारा) म्हणून आत जातो. याला निकेल म्हणतात इथपर्यंत मला कळलंय. पण ज्या डाउनला सगळे पालक उभे राहून ओरडत असतात, नेमकं तेव्हाच आपण बाकावर, हे त्याला फार लागतं. घरी येऊन काही बोलत नाही. त्याच्याशी नीट बोलता येईल एवढा खेळ मला कळत नाही, याचंच वाईट वाटतं.

गेल्या शुक्रवारी तिसऱ्या डाउनला सहा यार्ड हवे होते. निकेल आत गेलं. समोरच्यांनी पास टाकलाच नाही, सरळ रन केला, म्हणजे बॉल हातात घेऊन पळाले. त्यांच्या टाइट एंडने (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही पकडणारा खेळाडू) आमच्या पाचव्या डीबीला ढकलत बाजूला नेलं आणि त्या वाटेने रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) फर्स्ट डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, घेऊन गेला. माझ्या शेजारचे एक बाबा म्हणाले, लाइनबॅकर काढायलाच नको होता. दुसरे म्हणाले, ठेवला असता तर त्याच्या डोक्यावरून पास गेला असता. दोघंही हा खेळ खेळत मोठे झालेले. मी कोणाचं खरं मानू?

रविवारी आम्ही ईगल्स, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगमधली फिलाडेल्फियाची टीम, पाहतो. तिथे तर पाच डीबी पहिल्या डाउनपासूनच असतात. त्यांना ते कसं चालतं? मला कोचना जाब विचारायचा नाही. निर्णयामागचा विचार समजून घ्यायचा आहे, आणि मुलाने आता काय शिकावं तेही.

दक्षिण फिली

ताई, आधी समोरची मोजणी बघा. ऑफेन्सच्या अकरांपैकी पाच लाइनमन आणि पास टाकणारा क्वार्टरबॅक ठरलेले. उरलेल्या पाचांत रनिंग बॅक किती आणि टाइट एंड किती, हे दोन आकड्यांत सांगतात. ११ म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, म्हणजेच तीन वाइड रिसीव्हर (पास पकडणारे). १२ म्हणजे टाइट एंड दोन, रिसीव्हरही दोनच.

तिसरा रिसीव्हर सहसा स्लॉटमध्ये, म्हणजे बाहेरचा रिसीव्हर आणि लाइन यांच्या मधे उभा राहतो. बाहेरच्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला कव्हर करणाऱ्या डीबीला) साइडलाइनचा आधार असतो, रिसीव्हरला तो तिकडे रेटू शकतो. स्लॉटमधला रिसीव्हर आत वळेल की बाहेर, सांगता येत नाही. तिथे जड लाइनबॅकर दिसला की क्वार्टरबॅक तीच जोडी शोधतो. म्हणून एनएफएलमध्ये निम्म्याहून जास्त प्लेंना निकेलच असतं.

आता ईगल्स. २०२३ मध्ये १० विजय आणि १ पराभव अशी सुरुवात करून ही टीम कोसळली, आणि पास अडवता न येणं हे त्याचं मोठं कारण होतं. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात टॅम्पाकडून ३२-९ हरले. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) त्यांनी पहिल्या दोन्ही निवडी डीबींवर खर्च केल्या: २२ व्या क्रमांकावर क्विन्यन मिचेल, ४० व्यावर कूपर डीजीन. डिफेन्सची सूत्रं व्हिक फॅन्जिओंकडे आली. पहिल्या चार सामन्यांत दोन हरल्यावर सुट्टीच्या आठवड्यानंतर डीजीन निकेलच्या जागी आला. त्यानंतरच्या नियमित सीझनच्या १३ सामन्यांपैकी १२ जिंकले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी पासिंग यार्ड ईगल्सनी दिले.

एकट्या डीजीनमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण ताई, तुमच्या शुक्रवारच्या प्लेचं उत्तर त्याच्यात आहे. १ डिसेंबर २०२४ चा बाल्टिमोरचा सामना मिळाला तर मुलासोबत बघा. त्यांचा अडीचशे पौंडांच्या आसपासचा रनिंग बॅक डेरिक हेन्री बॉल घेऊन समोरून येतोय, डीजीन एकटा, आणि तो त्याला उचलून आडवा करतो. पाचवा डीबी असा टॅकल करत असेल तर निकेल पहिल्या डाउनलाही खेळता येतं, समोर दोन टाइट एंड आले तरी.

बॉस्टनकर

मी आमच्या इथल्या टीमचा, पेट्रियट्सचा चाहता. पर्सोनेलच्या, म्हणजे मैदानात कोण असावं याच्या, निवडीने काय होऊ शकतं हे आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवलंय, आणि दोन्ही वेळी खेळाडू एकच होता.

१ फेब्रुवारी २०१५, ४९ वा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल. आम्ही २८-२४ ने पुढे, सिएटल आमच्या एक यार्डाच्या रेषेवर, शेवटची २६ सेकंद. त्यांच्याकडे रनिंग बॅक मार्शॉन लिंच, त्यामुळे सगळ्यांना रन दिसत होता. पण सिएटलने तीन रिसीव्हर पाठवले आणि आमच्या बाजूने तिसरा कॉर्नर म्हणून माल्कम बटलर धावत आत गेला, ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला रूकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू. पुढच्या रांगेत जड माणसं तशीच, मागे तीन कॉर्नर. ब्रँडन ब्राउनरने एका रिसीव्हरला जागीच रोखलं आणि बटलरने त्यांचा पास मधेच पकडला. आमचे तेव्हाचे कोच बेलिचेक यांनी तिथे फक्त रनची माणसं ठेवली असती तर त्या पासवर झेपावायला कोणी नसतं, असं माझं ठाम मत आहे.

तीन वर्षांनी, ५२ वा सुपर बोल, समोर तुमचे ईगल्स. सीझनभर जवळजवळ सगळे स्नॅप (म्हणजे प्ले) खेळलेला तोच बटलर डिफेन्सला एकही स्नॅप खेळला नाही. एरिक रो कॉर्नरला, आणि पाचवा-सहावा माणूस म्हणून जादा सेफ्टी (सर्वांत मागे राहणारा डीबी) नाहीतर जॉन्सन बडेमोसी. ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्सने ३७३ यार्ड टाकले, तिसऱ्या डाउनला रिसीव्हर नेल्सन अगलोर बडेमोसीच्या हातून निसटला, ईगल्सची एकूण ५३८ यार्ड झाली आणि आम्ही ४१-३३ हरलो. बेलिचेक यांनी सविस्तर कारण जाहीरपणे कधीच दिलं नाही. पाच-सहा डीबी मैदानात होते, तरी पास अडला नाही. त्यामुळे ताई, निकेल बरोबर की चूक असं विचारू नका. आत गेलेला मुलगा कोण, तो काय करू शकतो, हे विचारा.

जर्सीची आई

दोघांचेही मनापासून आभार. पाचवा बोलर घ्यायचा की सातवा बॅट्समन, असा आपल्याकडचा वाद असतो तसंच हे दिसतंय. हेन्रीचा टॅकल मुलाला दाखवला, तर म्हणाला, “आई, हे मला माहितीये.” पण मग पंधरा मिनिटं स्वतःहून बोलला.

एक शंका राहिली. ईगल्सकडे डीजीन आहे. शाळेच्या टीमकडे तसा मुलगा नसेल तर? मग माझ्या मुलालाच ठेवणं योग्य नाही का? आई म्हणून विचारतेय हे कबूल, पण खरंच जाणून घ्यायचंय.

फ्रायडे नाइट

मी पेनसिल्व्हेनियात हायस्कूलला सेफ्टी खेळलो, आता मुलांना थोडं शिकवतो. दक्षिण फिली यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. एनएफएलचं गणित शाळेला जसंच्या तसं लावू नये. शाळेत अनेक टीम लांबच्या तिसऱ्या डाउनलाही रन करतात, कारण त्यांचा क्वार्टरबॅक स्वतःच पळतो. शिवाय एनएफएलमध्ये ऑफेन्सने माणसं बदलली की डिफेन्सलाही बदलायला वेळ मिळावा म्हणून पंच स्नॅप (प्लेची सुरुवात) थांबवून धरतात. वर कोचिंग बूथमध्ये माणसं मोजायला माणूस असतो. शाळेत बरेच कोच समोर कोण आलंय हे न बघता डाउन आणि यार्ड बघून बदल करतात. शुक्रवारी तेच झालं असावं. समोर दोन टाइट एंड होते का, हे मुलाला विचारा. असतील, आणि हवे फक्त सहा यार्ड, तर मी लाइनबॅकर ठेवला असता. तीन-चार रिसीव्हर असतील तर तुमच्या कोचनी केलं ते बरोबर, रन गेला तरीही. अशा वेळी पाच-सहा यार्डचा रन परवडतो, डोक्यावरून गेलेला पास परवडत नाही.

आता मुलाबद्दल. निकेलमध्येही दोन लाइनबॅकर आत राहतात, म्हणजे जाणारा एकच. त्याने ईगल्सच्या लाइनबॅकरकडे, झॅक बॉनकडे बघावं. न्यू ऑर्लिन्समध्ये तो मुख्यतः स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी येणाऱ्या संघात) आणि कडेला खेळायचा. २०२४ मध्ये ईगल्सनी त्याला मधे आणलं, आणि त्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात गेला. ५९ व्या सुपर बोलमध्ये समोरचा क्वार्टरबॅक माहोम्सचा एक पास त्यानेच मधे पकडला. त्या सामन्यात ईगल्सनी ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) जवळजवळ वापरलाच नाही. चौघांनीच रेटून सहा सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडलं, म्हणून मागे सात जण कव्हर करायला मोकळे होते. त्या सातांत दोन लाइनबॅकर होते, आणि कव्हर करता येत होतं म्हणूनच ते मैदानात होते.

तुमच्या मुलाने तीन गोष्टींवर घाम गाळावा. स्नॅपनंतर पाठ न फिरवता, क्वार्टरबॅकवर नजर ठेवून मागे सरकणं. बॅकफील्डमधून, म्हणजे लाइनच्या मागून, बाहेर निघणाऱ्या रनिंग बॅकला एकट्याने गाठणं. आणि टाइट एंड पहिल्या पाच यार्डांत असतानाच त्याला हात लावून त्याची वाट मोडणं. हे रोज प्रॅक्टिसनंतर वीस मिनिटं, एखाद्या मित्राला रिसीव्हर करून. आणि कोचना त्यानेच विचारावं, तुम्ही नाही: “निकेलमध्ये राहायला मला काय दाखवावं लागेल?” असा प्रश्न कोचना आवडतो, आणि उत्तर बहुधा अगदी नेमकं मिळतं.

जर्सीची आई

विचारलं. समोर दोन टाइट एंड होते. त्याने ते बाकावरून मोजले होते आणि शेजारच्या मुलाला सांगितलंही होतं, कोचना नाही. सोमवारी प्रॅक्टिसच्या आधी तुमचा प्रश्न तो स्वतः विचारणार आहे, आणि बाकावर असताना समोरचे आकडे मोजून सांगू का, हेही. काय उत्तर मिळतं ते इथे लिहीन. दरम्यान मागे सरकण्याचा सराव दाखवणारे व्हिडिओ कोणाकडे असतील तर कृपया द्या, शक्यतो शाळेच्या वयाच्या मुलांसाठीचे.