मदत हवी आहे : इट्राकोनॅझोल ६५ ऐवजी साधी १०० चालेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले. पऱ्हाटीच्या निंदणात दिवस दिवस ओल्या कपड्यात राहून बाबांच्या जांघेत गजकर्ण पसरलं; कडा लाल, मधात काळपट. वर्ध्याच्या स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) एसबी, म्हणजे सुपर बायोअव्हेलेबल, अंगात जास्त शोषली जाणारी, ६५ मिग्रॅची कॅप्सूल लिहून दिली. मेडिकलवाल्यानं साधी १०० ची पुढं केली. म्हणे, “औषध तेच, उलट जास्त पॉवरची!”

पॉवरचं हे गणित मला पटत नाही. हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. साध्या कॅप्सूलला भरपेट जेवण आणि पोटातलं आम्ल लागतं. ऑस्ट्रेलियाच्या मेन फार्मानं ते पॉलिमरमध्ये मिसळून आतड्यात विरघळेल असं केलं, म्हणून ६५ मध्ये १०० चं काम होतं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. त्यात बाबा रोज सकाळी पित्ताची गोळी पॅन्टोप्राझोल घेतात (त्याशिवाय त्यांना चहासुद्धा पचत नाही), म्हणजे आम्ल आधीच कमी.

फार्मसीवाले कोणी असाल तर सांगा: ६५ ची येईपर्यंत साधी सुरू करावी की थांबावं? आणि एसबीवाली जेवणानंतरच घ्यायची का? डॉक्टर आता सोमवारीच भेटतील.