मदत हवी आहे: आईची रक्त पातळ करायची गोळी अर्धी केली, आता गुठळी झाली तर?

निशा_सातारा: कोणीतरी प्लीज लवकर सांगा. आई हार्ट पेशंट आहे, रक्त पातळ करायची गोळी बरीच वर्षं चालू आहे. परवा चेकअपला नवीन डॉक्टर होते, फाईल चाळली आणि डोस अर्धा केला, म्हणाले वय झालंय. मावशीच्या ओळखीतले डॉक्टर म्हणतात वयाबरोबर रक्त जास्तच गोठतं, मग कमी का केली?? क्लिनिकमधे फोन कोणी उचलत नाही.

पाटीलकाका: गोळी कोणती? वय किती? झडप बदललीये का? नुसतं हार्ट पेशंट म्हटल्यावर काय सांगणार.

मनमौजी: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किती आलाय ते बघा आधी. आमच्या दादांना अ‍ॅसिट्रॉम (ही पण रक्त पातळ करायचीच गोळी) होती, आयएनआर २ ते ३ मधे ठेवायचा, मेथी पालक रोज साधारण सारखंच खायचं, काही त्रास नाही.

अंजू७१: लसूण आणि अर्जुनसालीचा काढा सुरू करा, गोळ्यांची गरजच राहणार नाही.

पाटीलकाका: अंजूताई, असले सल्ले देऊ नका हो. जेवणात लसूण असतो तेवढा ठीक, पण गोळीवर असले प्रयोग केले तर रक्तस्राव होऊ शकतो आणि गोळी सोडली तर लकवा.

निशा_सातारा: अ‍ॅपिक्साबॅन. ५ मिग्रॅची दिवसातून दोनदा होती आता २.५ ची दोनदा. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित) आहे, झडपेचं काही नाही. वय ८१.

विक्रम_ठाणे: स्टेंटनंतर रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नका, माझ्या साहेबांनी केली आणि परत अ‍ॅडमिट.

निशा_सातारा: स्टेंट नाहीये हो!

डॉ_गावाकडचा: वजन? क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा)?

निशा_सातारा: ५६ किलो. क्रिएटिनिन १.१. त्याचा काय संबंध?

डॉ_गावाकडचा: सगळा संबंध तोच आहे. या गोळीचा नियम असा, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी असल्या की २.५. आईंच्या दोन आहेत, म्हणजे डोस बरोबर आहे. मावशींकडचे डॉक्टरही चूक नाहीत, वयाबरोबर फायब्रिनोजेन, फॅक्टर ८ ही रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात, आणि ठोके अनियमित असले की हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) रक्त साचून गुठळी होते. पण त्याच वयात किडनी मंदावते, अंगात गोळीचं प्रमाण जास्त राहतं, रक्तवाहिन्या नाजूक होतात. गुठळी आणि रक्तस्राव, दोन्ही धोके एकदम वाढतात. आणि मनमौजी, या गोळीला आयएनआर बघून डोस ठरवत नाहीत.

विक्रम_ठाणे: इतक्या वयात अ‍ॅस्पिरिन बरी ना, सौम्य असते.

डॉ_गावाकडचा: सौम्य वगैरे काही नाही. २००७ ची इंग्लंडमधली बाफ्टा चाचणी खास ७५ च्या पुढच्या लोकांवर होती, वॉरफरिनवर (रक्त पातळ करायची जुनी गोळी) लकवा अ‍ॅस्पिरिनपेक्षा कमी आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच. निशा, आई गुडघ्यासाठी वगैरे काही घेतात का?

निशा_सातारा: हो, दुखलं की डायक्लोफेनॅक, दुखण्यावरची गोळी. मेडिकलवाला देतो.

डॉ_गावाकडचा: ती आधी थांबवा, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून दुसरं काही लिहून घ्या. शौचाला काळं झालं किंवा पडून डोक्याला लागलं तर थेट कॅज्युअल्टी. आणि २.५ ची एकही वेळ चुकवू नका.

 

निशा_सातारा: डॉक्टर, सकाळची गोळी नाष्ट्याआधी की नंतर?

डॉ_गावाकडचा: कधीही चालेल. दोन गोळ्यांत साधारण १२ तास ठेवा.